द्राक्षगर्भ आणि रक्तातला आकडा

द्राक्षगर्भ म्हणजे गर्भ नसलेले गरोदरपण. पाळी चुकते, लघवीच्या तपासणीत दोन रेघा उमटतात, मळमळ सुरू होते, पोटही वाढू लागते. गर्भाशयात मात्र बाळाऐवजी पाण्याने भरलेल्या पुटकुळ्यांचे घोस वाढत असतात. वारेला असलेले बारीक बारीक अंकुर फुगतात. काही मोहरीएवढे राहतात, काही खरोखर द्राक्षाएवढे होतात. असा घोस अंगावरून जाताना प्रत्यक्ष दिसला की नाव कुठून आले हे सांगावे लागत नाही. बोलीत आता 'मोलर प्रेग्नन्सी' हाच शब्द जास्त ऐकू येतो. पाश्चात्त्य देशांत साधारण १,००० गरोदरपणांत एक असे याचे प्रमाण आहे. आशियातल्या बऱ्याच भागांत ते याहून जास्त नोंदले गेले आहे. वयाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे विशीच्या आत आणि विशेषतः चाळिशीनंतर, धोका वाढतो.

असे का होते, याचे उत्तर १९७७ साली काजी आणि ओहामा या जपानी संशोधकांनी दिले. द्राक्षगर्भ दोन प्रकारचा असतो, पूर्ण आणि अर्धवट. पूर्ण द्राक्षगर्भात पेशीकेंद्रातली सगळी गुणसूत्रे पुरुषाकडून आलेली असतात. स्त्रीबीजातली स्वतःची गुणसूत्रे हरवलेली असतात. अशा रिकाम्या बीजात एक शुक्रजंतू शिरतो आणि आपली २३ गुणसूत्रे दुप्पट करतो. क्वचित दोन शुक्रजंतू शिरतात. मोजायला गुणसूत्रे ४६च भरतात, पण आईचा वाटा त्यात नसतो. वार वाढवण्याचा हुकूम प्रामुख्याने पित्याकडून आलेली जनुके देतात, बाळाचे शरीर घडायला आईकडची जनुकेही लागतात. त्यामुळे वार बेसुमार वाढते आणि बाळ घडतच नाही. अर्धवट द्राक्षगर्भात स्त्रीबीज शाबूत असते, पण शुक्रजंतू दोन शिरतात. एकूण ६९ गुणसूत्रे होतात, गर्भाचे काही अवयव तयार होतात, पण तो जगू शकत नाही. हे सगळे फलनाच्या क्षणी घडते. बाईने काय खाल्ले, किती ओझे उचलले, कोणाची नजर लागली, कुठला नेम मोडला, याचा त्याच्याशी काडीइतका संबंध नाही. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे, कारण दोष देणारी बोटे अशा वेळी बाईकडेच वळतात.

या आजाराची ओळख पटवणारा आणि पुढे त्याच्यावर पहारा ठेवणारा पदार्थ म्हणजे ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन. नाव लांबलचक असल्यामुळे सगळे 'एचसीजी' म्हणतात, आणि पॅथॉलॉजीच्या पावतीवर 'बीटा एचसीजी' असे लिहिलेले असते. वारेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी हे संप्रेरक तयार करतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात जो पिवळा पुंज उरतो, तो पाळीच्या सुमारास सुकून जायचा असतो. एचसीजी त्याला सुकू देत नाही. तो पुंज प्रोजेस्टेरॉन बनवत राहतो, त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळत नाही आणि गर्भ टिकतो. पाळी चुकते ती याच कारणाने.

हा रेणू दोन तुकड्यांचा असतो, अल्फा आणि बीटा. अल्फा तुकडा आडनावासारखा समजावा. पियूषिका ग्रंथीतून येणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके आणि थायरॉइडला चालना देणारे टीएसएच यांचेही 'आडनाव' तेच. बीटा हे प्रत्येकाचे स्वतःचे नाव. एचसीजीचा बीटा तुकडा ओळखता आला तरच ते निश्चितपणे एचसीजी आहे असे म्हणता येते, म्हणून पावतीवर 'बीटा' लिहिलेले असते.

निरोगी गरोदरपणात गर्भ रुजल्यावर काही दिवसांतच एचसीजी रक्तात सापडू लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत ते दर दोन-तीन दिवसांत जवळपास दुप्पट होते, आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान शिखर गाठते आणि मग उतरून खालच्या पातळीवर राहते. दर मिलिलीटर रक्तामागे किती मिलि-एकके, असे त्याचे माप सांगतात. गरोदर नसलेल्या तरुण स्त्रीत ते ५ च्या खाली असते, शिखरावर साधारण १,००,००० च्या आसपास जाते. आशा ताईंकडच्या 'निश्चय' किटची पट्टी लघवीत हेच संप्रेरक शोधते. ती फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते. किती आहे हे कळायला रक्त द्यावे लागते, आणि द्राक्षगर्भात प्रश्न नेमका 'किती' हाच असतो.

पूर्ण द्राक्षगर्भात वारेच्या पेशींची दाटी असते, म्हणून एचसीजी बेफाम वाढते. आकडा लाखाच्या पुढे जातो, कधी काही लाखांवर. बाईला होणारा बराचसा त्रास या अतिरेकातूनच येतो. मळमळ आणि उलट्या नेहमीच्या डोहाळ्यांपलीकडे जातात, पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही. एचसीजीचे टीएसएचशी साम्य असल्यामुळे थायरॉइड उगाचच चेकाळते; छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरते. अंडाशयांवर पाण्याच्या मोठ्या गाठी येतात. काहींचा रक्तदाब पाचवा महिना पुरा व्हायच्या आतच चढतो, आणि एवढ्या लवकर चढलेला दाब पाहिल्यावर जाणत्या डॉक्टरच्या मनात द्राक्षगर्भाची शंका यायलाच हवी. पूर्वी ही सगळी लक्षणे सर्रास दिसत. आता सोनोग्राफी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच होते, त्यामुळे बहुतेक वेळा अंगावरून थोडे लाल जाणे एवढीच तक्रार असते.

सोनोग्राफीच्या पडद्यावर पूर्ण वाढलेला द्राक्षगर्भ भिजवलेला साबुदाणा परातीत पसरावा तसा दिसतो. पांढुरक्या पार्श्वभूमीवर दाटीवाटीने काळे ठिपके असतात आणि हृदयाचे ठोके कुठेच नसतात. पण सातव्या-आठव्या आठवड्यात हे चित्र इतके स्पष्ट नसते, आणि अर्धवट द्राक्षगर्भ तर साध्या अपुऱ्या गर्भपातासारखा दिसून निसटतो. तिथे एचसीजीचा आकडा मदतीला येतो. गर्भाची वाढ थांबलेली आणि आकडा मात्र दिवसांच्या मानाने फार मोठा, ही विसंगतीच खूण असते. शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा. म्हणूनच पिशवी साफ केल्यावर निघालेला भाग टाकून न देता तपासणीला पाठवणे फार महत्त्वाचे आहे. तो बादलीत गेला तर निदानही त्याच्याबरोबर जाते, आणि ती बाई 'गर्भपात झाला' एवढेच समजून घरी परतते.

हे संप्रेरक मोजण्याची सुरुवात उंदरांपासून झाली. १९२७-२८ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात झेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी गरोदर स्त्रीची लघवी उंदराच्या लहान माद्यांना टोचून पाहिली. काही दिवसांनी माद्या फाडून त्यांचे अंडाशय तपासायचे. ते वेळेआधी पक्व झालेले दिसले की स्त्री गरोदर. द्राक्षगर्भ असलेल्या स्त्रीची लघवी कितीतरी पट पातळ केली तरी चाचणी होकारार्थी येते, हे लवकरच ध्यानात आले. पुढे ससे आले, दक्षिण आफ्रिकेतले बेडूक आले. १९६० मध्ये स्वीडनमधल्या वीडे आणि गेम्सेल यांनी प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी काढली आणि प्राण्यांची सुटका होऊ लागली. तरीही एलएच आणि एचसीजी यांतली गल्लत होतीच. ती १९७२ मध्ये दूर झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ज्युडिथ वैतुकाइतिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी फक्त बीटा तुकडा ओळखणारी किरणोत्सारी चाचणी तयार केली. अगदी थोडे एचसीजीसुद्धा आता विश्वासाने मोजता येऊ लागले. घराघरांत पोहोचलेली दोन रेघांची पट्टी याच कामाची वंशज आहे.

द्राक्षगर्भाचा पहिला उपचार म्हणजे सक्शनने गर्भाशय रिकामे करणे. ते नीट पार पडले की बहुतेक कुटुंबांना वाटते, संपले. इथून पुढचे आठवडे खरे कसोटीचे असतात. पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या साधारण १०० स्त्रियांपैकी १५ ते २० जणींमध्ये वारेच्या काही पेशी मागे राहतात आणि पुन्हा वाढू लागतात. अर्धवट प्रकारात हे प्रमाण १०० मागे १ ते ५ असते. या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, किंवा कोरिओकार्सिनोमा हा कर्करोग होऊन रक्तावाटे फुप्फुसात, कधी यकृतात, मेंदूत पोहोचतात. सुरुवातीला बाईला काहीही जाणवत नाही. एक सेंटिमीटरची गाठ एक्स-रेवर दिसेपर्यंत तिच्यात कोट्यवधी पेशी जमलेल्या असतात. रक्तातले एचसीजी मात्र त्याच्या कितीतरी आधी बोलू लागते. वारेच्या पेशी जिथे जातील तिथे हे संप्रेरक बनवतात, त्यांना लपताच येत नाही. कर्करोगाच्या इतर प्रकारांत इतका प्रामाणिक खबऱ्या क्वचितच मिळतो.

त्यासाठी दर आठवड्याला रक्त द्यायचे असते. समजा, पिशवी साफ करण्याआधी आकडा २,४०,००० होता. आठवड्याने तो १८,००० आला, मग २,१००, मग ३४०, मग ६२, मग १२, आणि शेवटी ५ च्या खाली. असा उतार असला की काळजी नाही. आता दुसऱ्या बाईची फाइल पाहावी. १,६०,००० वरून ९,००० आणि तिथून २,४०० पर्यंत आकडा झपाट्याने खाली आला. मग २,३५०, २,४५०, २,३८०. तीन आठवडे तो जागचा हललेला नाही. तिला कसलाही त्रास नाही, अंगावरून जात नाही, सोनोग्राफीतही काही दिसत नाही. तरी निदान झालेले आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम असा की, तीन आठवड्यांतले चार आकडे १० टक्क्यांच्या आत-बाहेर राहिले, किंवा दोन आठवड्यांतले तीन आकडे १० टक्क्यांहून जास्त चढत गेले, तर आजार मागे राहिला आहे असे समजून उपचार सुरू करायचे. गाठीचा तुकडा काढून तपासण्याचीही वाट पाहायची नाही. अशा गाठींत रक्तवाहिन्यांचे जाळे असते, तुकडा काढायला गेले तर रक्तस्राव आवरत नाही. केवळ एका आकड्यावर केमोथेरपी सुरू होते असे आजार वैद्यकात फार थोडे आहेत.

उपचार किती जोरकस हवा हेही काही अंशी आकडाच सांगतो. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातले केनेथ बॅगशॉ यांनी १९७६ मध्ये गुणांची पद्धत मांडली. तिचीच सुधारलेली आवृत्ती आज जगभर वापरतात. वय, आधीचे गरोदरपण कसले होते, त्याला किती महिने झाले, गाठी किती आणि कुठे, आणि उपचारापूर्वीचे एचसीजी १,००० च्या खाली, १०,००० च्या खाली की लाखाच्या वर, अशा गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात. ६ पर्यंत कमी धोका, ७ आणि त्यापुढे जास्त धोका. कमी धोक्याच्या गटाला एकच औषध पुरते, बहुधा मेथोट्रेक्सेट किंवा ॲक्टिनोमायसिन-डी, आणि या गटातल्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया बऱ्या होतात. जास्त धोक्यात अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात. तिथेही अनुभवी केंद्रांत दहापैकी नऊ जणी वाचतात. गर्भाशय सहसा काढावे लागत नाही, पुढे मुले होऊ शकतात.

मेथोट्रेक्सेटच्या कहाणीचे एक मूळ मुंबईत आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांचा जीवघेणा पंडुरोग अभ्यासायला इथे आली. परळच्या हाफकिन संस्थेतून तिने काम केले आणि मारमाइट या यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो असे १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत, भीमावरममध्ये जन्मलेले आणि मद्रासला शिकलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवले गेले आणि त्याचे विरोधी रेणूही तयार झाले. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना फॉलिक ॲसिड सतत लागते. विरोधी रेणू ते वापरू देत नाही आणि पेशी मरतात. मेथोट्रेक्सेट हा त्यातलाच एक. गरोदर बाईला रोज जी फॉलिक ॲसिडची गोळी देतात, तिचा हा उलटा भाऊ.

१९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली या चिनी वंशाच्या तरुण डॉक्टरने रॉय हर्ट्झ यांच्याबरोबर कोरिओकार्सिनोमा पसरलेल्या स्त्रियांना मेथोट्रेक्सेट दिले. तोपर्यंत फुप्फुसात पसरलेला हा आजार म्हणजे काही महिन्यांचे आयुष्य असे समीकरण होते. औषधाने फुप्फुसातल्या गाठी विरघळल्या, एक्स-रे स्वच्छ झाले. औषध विषारी असल्यामुळे आता थांबावे असे वरिष्ठांचे मत होते. लीचे लक्ष एक्स-रेवर नव्हते, लघवीतल्या संप्रेरकावर होते. ते कमी झाले होते, पण संपले नव्हते. ते पूर्ण नाहीसे होईपर्यंत तो औषध देत राहिला. ठणठणीत दिसणाऱ्या बाईला विष देतो, असा ठपका येऊन त्याला १९५७ मध्ये संस्था सोडावी लागली. ज्यांचे औषध आकडा संपण्याआधी थांबले होते, त्यांच्यात आजार उलटला. ज्यांना ते शेवटपर्यंत दिले गेले त्या बऱ्याच राहिल्या. पसरलेला घट्ट गाठींचा कर्करोग निव्वळ औषधाने बरा होण्याची ही पहिली घटना. १९७२ मध्ये ली आणि हर्ट्झ यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आजची पद्धत लीच्याही एक पाऊल पुढे आहे. आकडा सामान्य झाला तरी शरीरात हजारो पेशी शिल्लक असू शकतात, इतक्या थोड्या पेशींचे एचसीजी कुठल्याच यंत्राला दिसत नाही. म्हणून आकडा ५ च्या खाली आल्यावरही औषधाचे आणखी दोन-तीन फेरे देतात.

आकड्यावर एवढी भिस्त ठेवायची तर तो कुठे चुकतो हेही माहीत हवे. प्रयोगशाळेतल्या चाचणीत दोन प्रतिपिंडे असतात. एक एचसीजीला खालून धरते, दुसरे वरून चिकटते आणि खूण उमटवते. एचसीजी प्रमाणाबाहेर असेल, दहा लाखांच्या घरात, तर दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंना चिकटून बसतात, जोडी जमत नाही आणि आकडा खोटा, लहान येतो. घरगुती पट्टीवर तर दुसरी रेघच न उमटण्यापर्यंत मजल जाते. पोट वाढलेले, सोनोग्राफीत साबुदाणा आणि तपासणी 'नाही' म्हणते, असे दिसले तर नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगावे. खरा आकडा वर येतो.

उलटी चूक अधिक क्लेशदायक. काही जणींच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात की ती चाचणीतल्या दोन्ही प्रतिपिंडांना एकमेकांशी जोडतात. मग एचसीजी नसताना आकडा दिसतो आणि आठवडेच्या आठवडे स्थिर राहतो. २००० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा १२ स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांना नसलेल्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सोसाव्या लागल्या होत्या. ही चूक पकडायला सोपा उपाय आहे. ही प्रतिपिंडे आकाराने मोठी असल्यामुळे मूत्रपिंडातून गाळून लघवीत येत नाहीत. रक्तात आकडा काही शेकड्यांत आणि लघवीत काहीच नाही, असे असेल तर आधी आकड्यावरच संशय घ्यावा आणि दुसऱ्या पद्धतीने मोजून पाहावे. पाळी जाण्याच्या वयात पियूषिका ग्रंथीसुद्धा थोडे एचसीजी सोडते; तो लहानसा आकडाही आजाराचा नसतो. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच नमुन्याला वेगळे आकडे देतात, त्यामुळे सगळ्या तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये कराव्यात. गावाकडून दर आठवड्याला तालुक्याला येणे जड जाते आणि मग एकदा इथे, एकदा तिथे असे होते. अशा मिसळलेल्या आकड्यांवरून चढ-उतार ओळखणे अवघड.

गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत रुजला तरी हाच आकडा कामाला येतो, पण तिथे वाचन उलटे. निरोगी गर्भात सुरुवातीच्या दिवसांत तो ४८ तासांत निदान दीडपट व्हायला हवा. त्याहून मंद वाढला आणि सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसले तर नळीतल्या गर्भाचा संशय येतो. तो फुटला नसेल आणि आकडा फार मोठा नसेल तर तिथेही मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देता येते. मग चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासतात. या दोन तपासण्यांच्या दरम्यान आकडा १५ टक्के तरी उतरला तर औषध लागू पडले.

द्राक्षगर्भाच्या पाहणीचा सगळ्यांत अवघड भाग म्हणजे थांबणे. आकडा ५ च्या खाली आल्यावर पूर्ण प्रकारात तीन ते सहा महिने दर महिन्याला तपासणी चालू राहते. अर्धवट प्रकारात एका महिन्याने एकदा खात्री केली तरी बहुधा पुरते. केमोथेरपी झाली असेल तर एक वर्ष थांबायला सांगतात. तोवर दिवस जाऊ द्यायचे नसतात. कारण साधे आहे: नवा गर्भही एचसीजीच बनवतो, आकडा चढला तर तो बाळाचा की आजाराचा हे सांगता येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालतात. मूल गमावलेल्या घराला हे महिने लांब वाटतात, आणि 'पुढचा विचार केव्हा' हा प्रश्न सासर-माहेर दोन्हीकडून येतो. तपासणीच्या वेळी नवऱ्याला आणि सासूलाही समोर बसवून हे समजावणाऱ्या डॉक्टरकडे बायका पाहणी अर्ध्यावर सोडत नाहीत.

पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता १०० मागे एक-दोन, म्हणजे बाकीच्या जणींचे पुढचे गरोदरपण याबाबतीत सरळ जाते. दिवस गेल्यावर दुसऱ्या महिन्यातच सोनोग्राफी करून गर्भ जागेवर आहे आणि त्याचे हृदय चालते आहे एवढे पाहून घ्यावे, आणि जुनी फाइल त्या वेळी बरोबर असावी. बाळंतपण झाल्यावर सहा आठवड्यांनी बीटा एचसीजी पुन्हा एकदा करतात. बाळाला सहा आठवड्यांच्या लशींसाठी आणतात तेव्हाच आईचे रक्त घेतले की वेगळी खेप पडत नाही.